पसंतीचा क्रम

सईच्या लॅपटॉपवरचा बाण मघापासून तीन शब्दांवर घिरट्या घालत होता: भूदल, नौदल, हवाई दल. बारावीचा निकाल नुकताच लागलेला आणि आज सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. पसंतीचा क्रम एकदा भरला की बदलता येत नाही म्हणे.

"भूदल पहिलं टाक," तिचे बाबा खुर्चीमागून म्हणाले. ते स्वतः भूदलातून सुभेदार होऊन निवृत्त झालेत. मग गुडघा चोळत तेच पुटपुटले, "नाहीतर राहू दे. शेवटी टाक."

मेथी निवडता निवडता मी मनात वेगळाच क्रम लावत होते. बर्फ, पाणी, आभाळ. यातलं कोण माणसाला घरी परत पाठवतं? यांच्या सुट्टीच्या तारखांवर खुणा करत मी निम्मा संसार केला, तरी मला ते ठरवता येईना. खाली पाहिलं, तर देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात.

शेवटी सईने हवाई दल वर टाकलं.

पुढचा रकाना होता, तातडीचा निरोप कुणाला द्यायचा? इतका वेळ अडखळणारी तिची बोटं तिथे जराही थांबली नाहीत. तिने माझं नाव लिहिलं.