मामांच्या गाडीतली टिंगटिंग

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. मोर्चाची पत्रकं, सभेची, बंदची. वाटून उरलेली घरी परत यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला आम्ही भावंडं गणितं सोडवायचो. म्हणून ताईनं जेव्हा सांगितलं, की नव्या गाड्यांमध्ये कितीतरी सोयी आधीच बसवलेल्या असतात आणि कंपनी त्या सॉफ्टवेअरनं बंद ठेवते, तेव्हा माझं डोकंच फिरलं. वायर आपली, दिवा आपला आणि कुलूप त्यांचं? त्याच दिवशी मी पत्रक लिहायला घेतलं: वस्तू ज्याची, हुकूम त्याचा.

ताईचं काम आमच्या सिडकोतल्या घरासमोर चालतं. स्टिअरिंगखाली केबल लावायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि गाडीला नव्या सवयी लावायच्या. लॉक केल्यावर आरसे मिटावेत, माणूस घरात शिरेपर्यंत दिवे चालू राहावेत, असं काहीबाही. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण ती मला कुलपं फोडणारी वाटायची. मी तसं म्हटलं की ती म्हणायची, चहा ठेव.

एका रविवारी गंगापूरहून मामा आले. मामांनी सगळं वय काळी-पिवळी जीप चालवण्यात घालवलं. आता पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेतली होती, जुनी पण परदेशी बनावटीची. मागणी एकच. पट्टा लावला नाही की गाडी टिंगटिंग करते, ती बंद करून दे. पट्टा मानेला कापतो, म्हणाले.

ताई म्हणाली, बाकी काहीही सांगा, हे नाही.

मामा माझ्याकडे वळले. "काय लेखक, तुमचं पत्रक काय म्हणतंय?"

पत्रक मामांच्याच बाजूचं होतं. मी ताईला विचारलं, कंपनीनं कुलूप घातलं तर तो जुलूम, मग तू घातलंस तर काय?

"जुलूमच," ती म्हणाली. "पण मामांना काय झालं तर कंपनी रडायला येणार नाय."

दोघंही मला बरोबर वाटत होती, आणि असं आमच्या घरात कधी होत नसे. मामा उठले. जालना रोडवर एक जण चहा पिता पिता हे काम करून देतो, त्याच्याकडं जातो, म्हणाले. ताईनं लॅपटॉप मिटला आणि एवढंच सांगितलं, की आधी पट्टा लावून बसून दाखवा.

मामा बसले. सीट चांगली ऐसपैस, पण मामा दाराला चिकटलेले, उजवा खांदा खिडकीबाहेर. पट्टा थेट गळ्यावरून गेला होता.

"मामा, शेजारी कोण बसलंय?" ताईनं विचारलं.

मामांनी डावीकडं पाहिलं. कुणीच नव्हतं. जीपमध्ये त्यांच्या शेजारी तीन-तीन माणसं कोंबलेली असत आणि ते स्वतः अर्धे बाहेर लटकून गाडी हाकत. ताईनं त्यांना आत सरकवलं, दारामागच्या खांबावरची पट्ट्याची कडी खाली घेतली. पट्टा नीट खांद्यावर आला. मामा खूश होऊन कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आले, ते पुन्हा दाराला चिकटूनच.

"गाडी हालली की आंग आपसूक सरकतंय," ते ओशाळून म्हणाले.

दुपारी मी त्यांच्याबरोबर गंगापूरला निघालो. शेजारी बसलो तर मामा लगेच दाराकडं सरकले, माझ्यासाठी जागा करायला. पट्टा गळ्यावर गेला, त्यांनी तो काढला, टिंगटिंग सुरू. आता यांना जालना रोडची आठवण होणार, असं वाटून मी उतरलो आणि शेजारची सीट रिकामी ठेवून मागं जाऊन बसलो.

आमच्यात आपला माणूस गाडी चालवत असताना कुणी साहेबासारखं मागं बसत नाही. मला ते बसल्या क्षणी टोचलं.

मामांनी आरशातून पाहिलं. "मी काय तुझा डायवर हाय का?"

मी कारण सांगायला लागलो, पण ते नीट जुळेना. मामा थोडा वेळ शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत राहिले. मग आपल्या सीटच्या मध्यावर सरकले, पट्टा लावला आणि गाडी वाळूजच्या दिशेनं घातली. गंगापूरपर्यंत टिंगटिंग एकदाही वाजली नाही. पट्टा त्यांना जागा मिळाली म्हणून लावला, की माझ्यावरच्या रागानं, हे मला कळलं नाही.