लसणाच्या वासाची पानं

पान खुडायचं, चुरगाळायचं, नाकाशी धरायचं. लसणाचा वास आला तर टोपलीत, नाही आला तर तिथंच टाकून द्यायचं. जर्मनीतल्या रानात थंडी सरता सरता बेअरलाउख उगवतो, लसणाच्या पातीचा रानटी भाऊ म्हणा ना. तो ओळखायची ही रीत मला ओमानं शिकवली.

ओमा म्हणजे आमची घरमालकीण. इकडं आजीला ओमा म्हणतात. पण ती इकडची नव्हे, जपानमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातली. जर्मन माणसाशी लग्न करून तरुणपणी इकडं आली आणि तो गेल्यावर ब्योब्लिंगेन गावाच्या कडेच्या घरात एकटी राहिली. खाली ती, वर आम्ही नवराबायको. आमचे हे इथल्या एका हॉटेलात तंदूर सांभाळतात. सॉफ्टवेअरवाल्या पुणेकरांनासुद्धा घर मिळता मिळत नाही, तिथं तंदूरवाल्याला कोण विचारतो? ओमानं मला एवढंच विचारलं, "तुझं गाव डोंगरात आहे?" मी हो म्हटलं आणि तिनं किल्ली हातात दिली. तेव्हापासून देवापुढं हात जोडले की तिचंही नाव येतं तोंडात.

मी आठवीतून शाळा सोडलेली. सोडली म्हणजे सुटली. हायस्कूल घाटाखाली होतं, आणि रोज घाट उतरायला पोरीला सोबत कोण देणार? जर्मन मी ओमाकडंच शिकले. तिचं इतकी वर्षं राहूनही तुटकं, माझं तर कालपरवाचं, त्यामुळं दोघींचं छान जमायचं. घाबरट मात्र मी जन्माची. बस जरा उशिरा आली तरी वाटतं, आता येणारच नाही.

सोमवारी हॉटेल बंद असतं. हे झोप काढायचे आणि आम्ही दोघी डोंगरात जायचो. हेरेनबेर्गला गाडी बदलायची, पुढं बस, मग पायी. इथं ज्याला काळं जंगल म्हणतात त्या डोंगरातली जुनी खेडी तिला फार आवडायची. तिथल्या घरांची छपरं जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतात, एकाच छपराखाली माणसं, गाई, गवत सगळं. ती म्हणायची, आमच्याकडची छपरं नमस्काराला हात जोडल्यासारखी असायची, बर्फ घसरून पडावं म्हणून. बर्फ वितळलं की बायका रानभाजीला जायच्या. कमरेला घंटी बांधायची, म्हणजे आवाजानं अस्वल बाजूला होतं. इथं कुठलं अस्वल? तरी ओमाच्या कापडी पिशवीला पितळेची घंटी होतीच. शेवटची गावी गेली तेव्हा तिच्या घराच्या फरशीतून बांबू वर आला होता, गावात दिवा नव्हता. मी म्हटलं, आमच्या वाडीतही निम्म्या घरांना कुलपं आहेत. त्यावर तिनं मला एक संत्रं सोलून दिलं.

मागच्या हिवाळ्यात तिनं शेगडीवर पातेलं ठेवलं आणि विसरून फिरायला गेली. धूर वर आला म्हणून मला कळलं. तिचा मुलगा बाड हॉम्बुर्गला असतो, सज्जन माणूस. तो आला, भिंतीवरची काजळी बघितली आणि आईसमोरच म्हणाला, "पुन्हा असं काही झालं तर हाइम." हाइम म्हणजे म्हाताऱ्यांचं वसतिगृह. घर विकावं लागेल, हेही म्हणाला. ओमा त्याच्याकडं न बघता चहा ओतत होती, कप भरून बशीत सांडला तरी ओतत होती. जाताना दारात तो मला हळूच म्हणाला, "तुम्ही वर असता. काही झालं तर मला फोन करा. कराल ना?" मी म्हटलं, "गेनाऊ." नक्की. आणि वर येऊन रडले. फोन करायचा म्हणजे जिनं घर दिलं तिचंच घर मोडायचं, आणि आपलंही.

यंदाच्या एप्रिलमधल्या एका सोमवारी आम्ही निघालो तेव्हा डोंगरावर धुकं होतं. बसमधून उतरणाऱ्या आम्ही दोघीच. खेड्यात खिडक्यांच्या झडपा बंद, दारात लाकडं रचलेली, पण धूर एकाच घरातून. त्या घरातली शेतकरीण ओमाची जुनी ओळखीची. दर वर्षी अर्धा पाला तिला द्यायचा, तिनं अंडी द्यायची, असा त्यांचा रिवाज.

ओढ्याकडं वळायच्या ठिकाणी ओमा उलट्या बाजूला चालू लागली. मी हाक मारली तर थांबली, माझ्याकडं बघून जपानीत काहीतरी बोलली. माझ्याशी ती कधी जपानीत बोलत नसे.

"ओमा, जर्मनमध्ये सांग."

"आई रागावेल म्हटलं. उशीर झाला."

मी हसले. हसावं असं तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

ओढ्याकाठी हिरवागार पाला होता. पहिली मूठ तिनं दगडावर ठेवून हात जोडले. डोंगराचा वाटा. आमच्याकडंही फोडशीच्या रानभाजीची पहिली जुडी शिवेवरच्या देवाला ठेवतात, म्हणून मीही जोडले. मग खुडायला लागलो. ती ओढ्यालगत, मी वर. धुक्यात ती दिसेनाशी व्हायची, घंटी तेवढी किणकिणायची. मधेच घंटी थांबली की मी मान वर करायची.

टोपली भरली, तिची कापडी पिशवीही भरली. टोपलीतला अर्धा पाला शेतकरणीच्या ओट्यावर ओतला. ती खूश. "बरं झालं आणलात, संध्याकाळी नातवंडं यायची आहेत. सूप करते." अंडी घेऊन आम्ही बसथांब्यावर आलो.

बसला वेळ होता, म्हणून मी टोपलीतल्या पाल्याच्या जुड्या बांधायला घेतल्या. आणि हाताला एक जाड पान लागलं. बेअरलाउखचं पान मऊ, प्रत्येकाला स्वतःचा देठ. हे ताठ, देठच नाही, तीन पानं एकमेकांच्या पोटातून निघालेली. मी चुरगाळलं, हुंगलं. लसूण! मग माझी बोटं हुंगली. लसूण. ओमाची बोटंही तशीच वासाची. दिवसभर पाला खुडलेल्या हाताला गवतसुद्धा लसूणच वाटणार. वासावर भरवसा पहिल्या मुठीपुरताच.

त्याच ओलीत, त्याच दिवसांत एक विषारी पान उगवतं, शरदात त्याला जांभळी फुलं येतात. ते मला ओमानंच दाखवलं होतं. उकळून त्याचं विष जात नाही आणि खाल्ल्यावर लगेच कळतही नाही. आमच्या वाडीत भलत्या भाजीनं एक सासूसून गेलेल्या मी लहानपणी बघितल्यात. दुपारी दोघी अंगणात हसत बसल्या होत्या.

टोपलीत तशी आणखी पानं निघाली. सगळी ओढ्यालगतची, म्हणजे ओमाच्या हातची. मी टोपली कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. तेवढ्यात बस आली.

"ओमा, मागं जायचं. तिनं सूप करायच्या आत."

"कशाला? बस आली."

"भलती पानं आलीत."

"माझ्याकडून?" ती उभी राहिली. "मी पाच वर्षांची असल्यापासून खुडते. तू कोण मला सांगणारी?"

चढावर मी तिचा हात धरून जवळजवळ ओढत होते. ती दर दहा पावलांवर तेच विचारायची, तू कोण, आणि हळूहळू मला कळलं की ती रागानं विचारत नाहीये.

स्वयंपाकघरात पाला बारीक चिरलेला होता. पातेल्यात बटाटे शिजत होते. शेतकरणीनं चिरलेला पाला मुठीत उचलला होता.

"थांबा! नको. विषारी आहे, आत विषारी आहे," मी दारातूनच ओरडले.

तिची मूठ तशीच राहिली. आधी तिनं पाल्याकडं बघितलं, चिरल्यावर काय कळणार? मग ओमाकडं. "तुम्ही खुडला ना हा?"

ओमा माझ्याकडं बघत होती. शेतकरीण ओमाच्या मुलाला लहानपणापासून ओळखायची, तिनं एक फोन केला की संपलं.

"मी खुडला," मी म्हटलं. "ओमानं नाही. मी."

शेतकरणीनं पाला कागदात गुंडाळून चुलीत टाकला, पाट घासला, सुरी घासली, पातेलंही ओतून दिलं. मागं वळून न बघता म्हणाली, "ज्यांना आपल्या रानातलं कळत नाही त्यांनी दुकानातून आणावं." डोंगरात जन्मलेल्या बाईला हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक. पण सूप कुणी प्यायलं नव्हतं. मी तिच्या चुलीलाच मनात नमस्कार केला.

परतीच्या बसमध्ये ओमाला सगळं आठवत होतं, फक्त वेगळं. "तुला मी शिकवलं होतं ना? देठ बघायचा," म्हणाली. "आता तुला एकटीला पाठवायला नको." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

घरी आल्यावर मी लिंबानं हात घासत ह्यांना सगळं सांगितलं.

"कुणी खाल्लं का?"

"नाही हो."

"मग गप्प बस. म्हातारी हाइममध्ये गेली की आपण रस्त्यावर, कळतंय ना?"

"अहो, पण त्या खाली एकट्या..."

"आजवर नव्हत्या का? तू त्यांच्याबरोबर जंगलात जाऊ नकोस म्हणजे झालं. आल्झो, संपला विषय." आल्झो म्हणजे 'तर मग'; हे हॉटेलात शिकलेत, भांडण मिटवायला वापरतात.

तेवढ्यात खाली घंटी किणकिणली. एकदाच, खुंटीवरून पिशवी काढल्यासारखी. मी टोपली रिकामी केली होती. कापडी पिशवी तिच्या खांद्यावर होती, ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. मग तेलाचा चर्र आवाज, आणि जिन्यातून वर येणारा लसणाचा वास.

मी अनवाणी पळाले. ओमा शेगडीपाशी उभी होती, पानं पिठात बुडवून तळत होती, आपण भजी तळतो तशी. टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या. मी शेगडीचं बटण बंद केलं, तिचं मनगट धरलं.

"खाल्लंस? ओमा, तू खाल्लंस?"

"आधी त्याला," तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. नवऱ्याच्या फोटोपुढं चौथी छोटी ताटली होती, तिच्यातून वाफ येत होती. गेलेल्याला दाखवल्याशिवाय ती घास घेत नसे. आपल्या नैवेद्यासारखंच. "मग तुम्ही पाहुणे. मग मी. नवऱ्याला बोलाव, गार होतंय."

तिच्या दातांकडं मी बघितलं. हिरवं काही नव्हतं.

तिचा फोन भिंतीजवळच होता, मुलाचा नंबर मोठ्या आकड्यात वर चिकटवलेला. लावताना बोट दोनदा चुकलं. तो लगेच बोलला. मी माझ्या तुटक जर्मनमध्ये ओढा सांगितला, पानं सांगितली, शेतकरीण सांगितली, आणि तिच्याशी मी खोटं बोलले तेही. "पानं मी नाही खुडली. तुमच्या आईनं खुडली. आणि आता तळलीत."

मग तो म्हणाला, "तिच्याजवळ थांबा. मी आत्ता निघतो." आणि मग, "थँक्यू."

फोन ठेवला तेव्हा हे जिन्यात उभे होते. सगळं ऐकलं होतं. आत येऊन त्यांनी झारा उचलला आणि कढईतलं सगळं कचऱ्याच्या पिशवीत काढायला लागले.

ओमा कोपऱ्याकडं वळली. फोटोपुढची वाफ थांबली होती. वाफ थांबली म्हणजे त्याचं जेवण झालं, आता ताटली उचलून आपण खायचं, असं तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. तिनं हात पुढं केला. मी तिच्याआधी पोचले.