सड्यावरून आलेला फोन

भूत, भानामती, अंगात येणं... विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यावर विश्वास ठेवायचा नसतो, आणि मी कधी ठेवलाही नाही. आजही ठेवत नाही. म्हणूनच हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. मी महाडच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचो. आपला माणूस नुकताच अंतराळात जाऊन आला होता, आणि आमच्या भूगोलाच्या कांबळे सरांनी ठरवलं — मंगळावर माणसं कशी राहतील, ते आपणच राहून बघू! पोलादपूरच्या वरच्या अंगाला जांभ्याचा उघडा सडा आहे. लाल दगड, औषधालाही झाड नाही. तिथे एका तंबूत सर, दुसऱ्यात चित्रकलेच्या सुलभाताई, असे तीन दिवस राहणार. बाहेर पडायचं ते रेनकोट आणि पुठ्ठ्याचं हेल्मेट घालूनच. मी ‘पृथ्वी’ — म्हणजे खाली वाडीत, धोंडूमामांच्या पडवीत. मध्ये तार टाकून भंगारातले दोन फोन जोडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सरांचा आवाज.

“सुलभाताई भेगेत पडल्यात. मला एकट्याला निघत नाहीत. दोर घेऊन या.”

मी ओरडलो, “मामा, दोर!”

“कोन पडला, मास्तर?” म्हणत मामा दोर घेऊन माझ्यापुढे धावले.

अर्ध्या तासाने धापा टाकत वर पोचलो, तर सर चादरीवर फोन उघडून बसलेले! स्क्रू, तारा, सगळं सुटं.

“तुम्ही इथे कसे?” सर म्हणाले. “अहो, हा सकाळपासून बंद आहे.”

“पण तुम्हीच आत्ता—”

“घंटी मी पन आयकली,” मामा म्हणाले.

“ताई कुठायत?”

सरांनी बोट दाखवलं. लांब पिवळा रेनकोट. ताई दगड गोळा करत होत्या. त्यांनी हातही हलवला. मला शरमल्यासारखं झालं... आणि पुढच्या क्षणी तिथे पिवळं काहीच नव्हतं.

वाळल्या गवताखाली भेग होती. ताई छातीपर्यंत अडकलेल्या, पाय मोडलेला. आम्ही तिघांनी दोर लावून ओढलं, तेव्हा कुठे निघाल्या.

सर पुढे कित्येक वर्षं भेटले की विचारायचे, “माझाच आवाज होता?”

“तुमचाच.”

“घाबरलेला?”

“नाही हो. दमलेला... बराच वेळ ओढून दमलेला.”

एकट्याने ओढायची वेळ सरांवर त्या दिवशी आलीच नव्हती.