डेसच्या खुर्चीवर नोरीन

टरालूक गावात नोरीन ट्रेलोरला न घाबरणारा एकच माणूस होता, तिचा नवरा क्लेम. त्यालाही ते धाडस यायला लग्नानंतर वीस वर्षं लागली म्हणतात. बाईने तीस वर्षं टपाल कचेरी सांभाळली. कुणाला कुणाची पत्रं येतात, कुणाची न उघडता परत जातात, सगळं तिला ठाऊक. पण तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. आमच्यासारख्यांना हा शुद्ध अन्याय वाटायचा. गावाला तिच्या बोलण्यापेक्षा गप्प राहण्याचाच धाक होता, आणि त्याच धाकापोटी आम्ही तिला तीनदा नगरपरिषदेवर निवडून दिलं.

आठ वर्षांपूर्वी डेस हॅनिगनच्या मेव्हण्याच्या गोदामाचा विषय सभेत आला. डेस तेव्हा साधा नगरसेवक होता. नोरीन चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "डेस, तुझं नातं आहे ना त्यात? मग दार तिकडे आहे."

बिचारा चाळीस मिनिटं बाहेर लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. खुर्चीचा एक पाय तेव्हापासूनच लंगडा. गाव तिला आजही डेसची खुर्ची म्हणतं, आणि डेस पुढे नगराध्यक्ष झाला तरी नाव काही बदललं नाही.

दोन वर्षांपूर्वी क्लेमच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकशे चाळीस किलोमीटर जायचं, चार-पाच तास यंत्राला जोडून पडायचं आणि परत यायचं. पहाटे पाचला नोरीन गाडी काढायची. त्या वेळी रस्त्यावर माणसांपेक्षा कांगारू जास्त, आणि बाई एकाहत्तरची. शरद संपता संपता डोळ्यांच्या डॉक्टरने सांगून टाकलं, "हा हिवाळा चालवा. पुढे परवान्यावर मी सही करणार नाही." म्हणजे सरळच होतं. वसंतापर्यंत गावच्या इस्पितळात डायलिसिसची यंत्रं आली तर ठीक, नाहीतर ट्रेलोरांनी घर विकून यंत्राजवळ राहायला जायचं. गावात अशी अकरा घरं होती.

त्याच सुमारास परिषदेने चार वर्षांचा आराखडा करायला घेतला. त्यातलं पहिलं वाक्य नोरीनने स्वतः लिहिलं होतं: 'जन्मापासून अखेरपर्यंत जिथे राहता येईल असं गाव.' आराखड्याच्या शेवटी मागण्यांची यादी असते. ती घेऊन आमचे लोक मेलबर्नला मंत्र्यांकडे जातात आणि गावासाठी भांडतात. मागण्या पाचच. सहावी मंत्र्यांच्या डोक्यात राहत नाही, असं कधीकाळी त्यांच्याच चिटणीसाने सांगितलं होतं, तेव्हापासून आम्ही ते पाळतो.

पाच कुठल्या हे गावाने ठरवायचं. वाचनालयात फलक लावले, प्रत्येकाला चार हिरव्या टिकल्या दिल्या, ज्याला जे हवं त्यावर त्याने चिकटवायच्या. पोहण्याच्या तलावाला छप्पर हवं होतं, रेल्वे फाटकाला पूल हवा होता. डायलिसिसच्या फलकावर मात्र गोवर नुकता उगवावा तशा चार-दोनच टिकल्या.

"तू कुठे लावल्यास?" नोरीनने घरी विचारलं.

"तलावावर," क्लेम म्हणाला. "चारही."

"तुला पोहता येत नाही, क्लेम."

"मग काय, स्वतःच्याच पानात वाढून घेऊ? लोक बघत होते गं तिथे."

अकराही घरांनी हेच केलं होतं. आमच्याकडे पाय मोडला तरी माणूस 'जरा लचकलाय' म्हणतो. स्वतःसाठी मागणं म्हणजे रडगाणं. गरज नसलेल्यांना गरज आहे हे कळलं नाही आणि गरज असलेल्यांनी सांगितलं नाही. मागणी सहावी आली.

एका नगरसेविकेने ठराव आणला: यादीतून तलावाचं छप्पर काढा, डायलिसिस पाचव्या जागी घ्या. सभेआधी परिषदेचा कायदा बघणारा यूअन नोरीनला गाठून म्हणाला, "तुम्ही सभेत बसू शकता हो. पुष्कळ लोकांचं सारखंच हित असेल तर कायद्यात सवलत आहे."

"किती घरं?"

"अकरा."

"अकरा घरं म्हणजे गाव नव्हे, यूअन. डेसला एका गोदामासाठी मी बाहेर काढलं होतं."

"ते वेगळं होतं."

"डेसला जाऊन विचार, किती वेगळं वाटलं ते."

विषय निघाला तेव्हा ती उठली. "माझे पती या आजाराचे रुग्ण आहेत. मी बाहेर थांबते."

"नोंद घेतली, नगरसेविका ट्रेलोर," डेस म्हणाला. रविवारी हाच माणूस तिच्या स्वयंपाकघरात तिच्या हातचे स्कोन खात, पत्त्यांत हरला की क्लेमच्या नावाने ठणाणा करायचा.

ती लाल खुर्चीवर टेकली. खुर्ची डुगडुगली. दारातून आवाज येत होते, शब्द लागत नव्हते. सातातली एक बाहेर, आत सहा. तीन-तीन मतं पडली. निर्णायक मत नगराध्यक्षाचं, आणि ते आहे तेच ठेवण्याच्या बाजूने द्यायचं अशी प्रथा. शिवाय मित्रासाठी केलं असं उद्या कुणी म्हटलं असतं. कुणी कशाला, मीच म्हटलं असतं. डेसने यादी आहे तशी ठेवली.

नोरीनला आत बोलावलं तेव्हा तो कागद सारखे करत होता. सारखेच होते ते.

आता मजा बघा. मेलबर्नला यादी मांडायची कुणी? दर खेपेला नोरीनच मांडायची, कारण तिच्याइतकं भांडता कुणालाच येत नाही. क्लेम म्हणाला, "जा. छप्पर घेऊन ये." ती गेली, नगराध्यक्ष म्हणून डेसही बरोबर. पंधरा मिनिटांत पाचही मागण्या अशा मांडल्या की मंत्र्यांनी पेन बाहेर काढलं. तलावाच्या छपरासाठी तर ती पोटतिडकीने बोलली.

शेवटी मंत्र्यांनी सहज विचारलं, "या यादीबाहेरचं काही?"

डेसने नोरीनकडे बघितलं. नोरीनने पिशवी उचलली. "मला जरा बाहेर जायला हवं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं. तिथली खुर्ची कातड्याची होती, डुगडुगत नव्हती.

दहा मिनिटांनी डेस आला. त्याचे कान लाल झाले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं. अकरा घरं, एकशे चाळीस किलोमीटर, तुझे डोळे, सगळं."

"मग?"

"म्हणाले, परिषदेचा ठराव पाठवा, विचार करू." डेस टोपी फिरवत राहिला. "ठराव पडलाय म्हटलं. म्हणाले, मग पुढच्या यादीत घाला."

"पुढची यादी चार वर्षांनी."

"हो."

दोघं परतीच्या रस्त्याला लागले. मग डेस म्हणाला, "बुधवारी मी नेत जाईन क्लेमला."

"तो नाही म्हणेल."

"का?"

"तुझा बुधवारचा गोल्फचा खेळ बुडेल म्हणून."

क्लेमने अगदी तेच कारण दिलं. वर विचारलं, "छपराचं काय झालं?"

"होईलसं दिसतंय," नोरीन म्हणाली.

"वा. छान झालं."

ऑगस्टमध्ये, हिवाळा सरता सरता, ट्रेलोरांच्या फाटकावर विक्रीची पाटी लागली. गाव सोडलं की मतदार यादीतून नाव जातं आणि त्याबरोबर पदही, म्हणून नोरीनने राजीनामा आधीच लिहून दिला. तो डेसने बैठकीत वाचून दाखवला. त्याच बैठकीत छापून आलेला आराखडा वाटला गेला. नोरीनने आपली प्रत घेतली, पहिलं पान उघडलं, पहिलं वाक्य वाचलं. मग शेवटची मागणी तपासली, छपराच्या मापातली एक चूक यूअनला दाखवली आणि ती दुरुस्त होईपर्यंत जागची हलली नाही.