बाळाबाईची हाक

मंगळवार पेठेतल्या एका खानावळीत बाळाबाई वीस वर्षं भांडी घासते. उरलेली हाडं, भाकरीचे तुकडे डब्यात भरून आणते आणि गल्लीतल्या चौदा कुत्र्यांना घालते. लोकांना वाटतं, बाईला पोरबाळ नाही म्हणून कुत्र्यांत जीव रमवते. लोकांना काय, काहीही वाटतं. खरं कारण तिचा नवरा गणपती. मलकापूरला गेला असताना त्याला कुत्रं चावलं. जखमेला चुना फासून तो कामाला लागला. दोन महिन्यांनी पाण्याचा तांब्या बघून थरथरायला लागला आणि चौथ्या दिवशी गेला. ते चार दिवस बाळाबाईनं उघड्या डोळ्यांनी पाहिलेत. त्या कुत्र्याला आधीच लस टोचलेली असती तर तुमचा माणूस असा गेला नसता, असं डॉक्टर बोलले. तेव्हापासून गल्लीतल्या कुत्र्यांना लस मिळावी हा एकच ध्यास बाईनं घेतला. अर्ज करून करून दमली. दाद कोण देतो?

मग बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली आणि अमरसिंह नावाचा उमेदवार हात जोडून तिच्या दारात उभा राहिला. बाईनं चहाचं नावसुद्धा काढलं नाही.

"गल्लीतल्या कुत्र्यांस्नी लस टोचून देणार काय? देणार असशीला तर समद्या गल्लीची मतं मी आणून देतो."

"पयल्या म्हैन्यात गाडी लावतो की, आक्का," अमरसिंह म्हणाला. जाहीरनाम्यात त्यानं तसं छापूनही घेतलं.

बाई पेटली. आमच्याकडे मत पक्कं करायचं तर भंडारा उचलायला लावतात. देवाची हळद मुठीत घेऊन शब्द दिला की माणूस सहसा फिरत नाही. ताट घेऊन बाळाबाई साठ घरं हिंडली. शेजारची वर्षाराणी कुत्र्यांच्या नावानं रोज बोटं मोडायची, तिच्याकडूनही भंडारा उचलून घेतला. फक्त ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या अमरसिंहाच्या हातावर चिमूटभरही ठेवला नाही. शपथ मतदारानं घ्यायची आणि उमेदवारानं हार घालून घ्यायचा, हीच आमची रीत. ती उलटी फिरवावी हे त्या भोळ्या बाईच्या मनातसुद्धा आलं नाही.

अमरसिंह अडतीस मतांनी निवडून आला. पहिला महिना सत्कारात गेला, दुसरा 'बघतो, आक्का' म्हणण्यात. तिसऱ्या महिन्यात वर्षाराणीच्या श्रुतीला कुत्रं चावलं. वेळेवर इंजेक्शनं मिळाली, पोरगी वाचली, पण गल्ली बिथरली.

"भंडारा उचलून मत दिलंय तुमास्नी," वर्षाराणीनं अमरसिंहाला तोंडावर सुनावलं. "आता ही कुत्री हितं दिसाय नकोत." बाकीची घरंही तिच्या मागं उभी होती.

चार दिवसांत टेम्पो आला. जाळी घेऊन दोन माणसं उतरली, पण कुत्री त्यांच्या हाती कुठली लागतायत. तासभर पळून माणसंच घामाघूम झाली. शेवटी अमरसिंह स्वतः बाळाबाईच्या दारात आला.

"आक्का, लशीची गाडी आलीया. पर कुत्री कुणाला दाद देईनात. तुमी हाक मारा की."

बाळाबाईचे डोळे भरून आले. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि डबा वाजवून हाक मारली. चौदाच्या चौदा धावत आली. एकेकाला तिनं स्वतः कवेत घेऊन टेम्पोत चढवलं. बुजऱ्या तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भिऊ नगंस. मुंगी चावल्यागत हुतंय, बास."

टेम्पोचा मागचा फाळका लागला, कडी पडली.

"डाक्टर कुठं हाय?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर बाहेरचा. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कसला डॉक्टर, मावशी? गारगोटीच्या पुढं घाटात सोडायचीत."

बाळाबाईनं वळून अमरसिंहाकडे पाहिलं. "शब्द दिलतासा," ती म्हणाली.

"तुमचं एक मत, आक्का," तो खाली बघत म्हणाला. "त्यांची साठ घरं हाईत."

टेम्पो सुरू झाला. बाळाबाई फाळक्याला धरून, एकेकाचं नाव घेत, कोपऱ्यापर्यंत पळत गेली. तिचा आवाज ओळखून आतली कुत्री भुंकली नाहीत. पत्र्यावर शेपट्या आपटल्याचा तेवढा आवाज येत राहिला.