न विटलेलं लुगडं

उर्मिला म्हेत्रे यांनी नोकरीची सगळी वर्षं एकच गोष्ट पाहिली. रंग जातो की राहतो. शारजातल्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या रंगतपासणीला होत्या. कापडाचा तुकडा पांढऱ्या चिंधीला जोडायचा, धुवायचा, घासायचा, आणि मग चिंधीकडं बघायचं. चिंधी पांढरी राहिली तर माल बोटीवर चढायचा. नाही राहिली तर उर्मिलाताई "खलास" म्हणायच्या आणि अख्खा लॉट मागं जायचा. मॅनेजर चिडायचे, गिऱ्हाइकं चिडायची. ताईंचं मत बदलायचं नाही.

"मी पास केलेला शर्ट अजून कुणाच्या अंगावर विटलेला नाही," असं त्या पाहुण्यांना चहा देता देता सांगायच्या. नम्रपणा त्यांना कधी जमला नाही आणि त्याची त्यांना खंतही नव्हती.

नोकरी सुटल्यावर त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे करायला घेतले. शारजाच्या रोल्ला भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात शिवणयंत्र खिडकीशी होतं आणि नवरा, अरुण, उरलेल्या जागेत. आता अरुणराव निवृत्त होत होते. व्हिसा संपत होता. महिन्याभरात दोघं कायमचे इचलकरंजीला निघणार होते. म्हणजे यंदाचं नाटक ताईंचं शेवटचं. ते चुकीच्या कपड्यांत उभं राहिलं असतं, तर चूक सुधारायला पुढचं नाटक नव्हतं.

नाटक निनादनं लिहिलं होतं, बसवतही तोच होता. निनाद दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मार्केटिंगला. गोष्ट पहिल्या महायुद्धातली. साताऱ्याकडच्या एका गावातला तरुण पलटणीबरोबर बसऱ्याला जातो आणि त्याची बायको चार वर्षं घर सांभाळते.

"त्या पलटणींच्या बोटी याच आखातातून गेल्या," ताई पहिल्याच बैठकीत म्हणाल्या. "आपण संध्याकाळी फिरायला जातो ना, त्याच पाण्यावरून. तेव्हा कपडे नीट पाहिजेत."

"नीटच करा, ताई," निनाद म्हणाला. "फक्त ब्राइट ठेवा. लाल, हिरवं, जर. स्पॉन्सरला फोटो पॉप व्हायला हवेत."

"पहिल्या अंकात देते लाल. नंतर मिळणार नाही."

"का?"

"रंग जर्मनीहून यायचे. लढाई सुरू झाली आणि जर्मन रंग बंद. जे थोडे उरले ते व्यापाऱ्यांनी दाबून ठेवले. कापड महाग, रंग त्याहून महाग. मागावर पांढरं आणि फिकं चढायला लागलं. लढाईनं फॅशन फक्त लंडनला बदलली नाही, आपल्या गावातल्या दोरीवरही बदलली. तुझ्या तिसऱ्या अंकात कुणाच्याही अंगावर धड रंग दिसता कामा नये."

"ताई, लोक सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून येणार. धुणं बघायला?"

"हो. मी धुतलेलं."

निनाद हसला, पण त्यानं मान हलवली नाही. नायिकेचं लुगडं कोणतं, हे रंगीत तालमीलाच ठरवू, असं म्हणून त्यानं विषय ढकलला.

ताई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. नायिकेसाठी सोलापुराहून मागवलेलं लाल लुगडं आणि बाकीचे कपडे घेऊन त्या टॅक्सीनं दुबईतल्या रास अल खोरला गेल्या. तिथं गनीभाईंची लाँड्री होती, हॉटेलांच्या चादरी धुणारी. मोठी हंडी आणि वर मोकळी गच्ची. ताईंच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत रुमालही वाळत घालू देत नसत.

गनीभाईंनी लुगडं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "मॅडम, इतने साल आप रंग पक्का है कि नहीं, यही देखती रहीं. अब?"

"अब उतारना है."

"या अल्ला," गनीभाई म्हणाले आणि हंडी लावली.

सोड्यात उकळून, ब्लीचच्या पाण्यातून काढून कापड गच्चीवर पसरलं. वर पांढरं पडलेलं आकाश, खाली गोदामांचे पत्रे, मध्ये एक लाल पट्टा. ऊन त्याच्यावर उभं राहिलं आणि हळूहळू त्याला पिऊ लागलं. ताई सावलीत स्टूल घेऊन बसल्या. जन्मभर ज्याच्याशी भांडल्या तेच आज त्या स्वतः करत होत्या, आणि तेही चोख. दर थोड्या वेळानं उठून घडी बदलायच्या, कारण माणसाच्या अंगावरचं कापड सगळीकडं सारखं विटत नाही. खांद्यावर जास्त, कासोट्यात कमी. चार दिवसांनी त्या लुगड्यावर चार वर्षं उमटली होती.

नायिकेचं काम मिहिका करत होती. शारजातच वाढलेली, विद्यापीठात शिकणारी. तालमीला हॉलमध्ये आली तेव्हा ताई तिला नऊवारी नेसवू लागल्या.

"इट्स लाइक ट्राउझर्स!" मिहिका कासोटा खोचून घेताना ओरडली.

"तिकडच्या बायकांनी कारखान्यात जायला पहिल्यांदा पँटी चढवल्या, लढाईत. त्याचं केवढं कौतुक झालं. आपल्या आज्या-पणज्या अशाच वाकून भात लावत होत्या. सरळ उभी राहा."

मिहिका आरशात बघत राहिली. लाल आता जुन्या विटेसारखं दिसत होतं. निनादसुद्धा म्हणाला, "मानलं, ताई."

ताई जिंकल्या होत्या. तेवढ्यात मिहिका म्हणाली, "पण मावशी, व्हाय वुड शी वेअर इट?"

"म्हणजे?"

"नवीन लाल येतच नाहीये, राइट? आणि हे त्यानं तिला जायच्या आधी दिलेलं. मग ती रोज का नेसेल? आई सगळ्या चांगल्या साड्या बॅगेत ठेवते. बेडखाली. 'इंडियाला गेल्यावर.' शी नेव्हर वेअर्स देम हिअर." ती थांबली. "शी वुड सेव्ह इट, मावशी. तो येईपर्यंत."

ताईंच्या तोंडात टाचणी होती. ती त्यांनी काढली, टाचण्यांच्या उशीत खोचली. रंगाबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं. रंग राखून ठेवणाऱ्या बाईबद्दल त्यांना आधी सुचायला हवं होतं, कारण तशी एक बाई त्या रोज आरशात बघत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून कोपऱ्यात बसलेले अरुणराव मोबाइल खाली ठेवून बघायला लागले.

"मग परत रंगवू या," निनाद म्हणाला.

"डाग उठतील. जे उतरवलं ते तसंच चढत नाही. हे रोजचं म्हणून राहू दे. राखलेलं वेगळं पाहिजे."

"नऊवारी, तसलाच काठ, चार दिवसांत? इथं कुठं मिळणार?"

"बघते."

घरी आल्यावर त्यांनी पलंगाखालची मरून बॅग ओढली. सगळ्यात तळाला लाल लुगडं होतं. लग्नानंतर इकडं निघताना आईनं दिलेलं, घरच्या मागावरचं. आई म्हणाली होती, "नेस गं तिकडं." ताई म्हणाल्या होत्या, "इकडं आले की नेसेन." दर सुट्टीत विमानाच्या बॅगेचं वजन जास्त व्हायचं आणि लुगडं इथंच राहायचं. आईही गेली. लुगडं घडीतच.

"अगं, घाम लागेल. मेकअप लागेल," अरुणराव म्हणाले.

"लागू दे. रंग पक्का आहे. मी तपासलाय."

"कधी?"

"आत्ता." त्यांनी पदराचं टोक ओलं करून स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर घासलं होतं. रुमाल पांढराच होता.

प्रयोगाच्या शेवटी रंगमंचावर सगळं गाव फिकं होतं. बसऱ्याहून आलेला नवरा धोतरावर खाकी कोट आणि मनगटावर घड्याळ बांधून उभा होता. दार उघडलं आणि मिहिका लाल नेसून बाहेर आली. या जागी निनादनं तिला लांबलचक भाषण लिहून दिलं होतं. शेवटच्या तालमीत त्यानं ते स्वतःच काढून टाकलं. ती नुसती उभी राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

गनीभाई सहकुटुंब आले होते. बाहेर भेटल्यावर म्हणाले, "मॅडम, वो एक धोना भूल गईं क्या?"

"भूली नहीं, गनीभाई. बचाया."

लोक कौतुक करायला आले. ताई प्रत्येकाला सांगत होत्या, "कल्पना मिहिकाची. पण विटणं म्हणजे काय, ते तिला मी शिकवलं." त्यांची मान इतकी ताठ होती की हार घालणाऱ्याला चवड्यांवर उभं राहावं लागलं.

विटलेलं लुगडं मिहिकानं मागून घेतलं.

निघायच्या दिवशी अरुणराव टॅक्सीत बॅगा चढवून वर हाक मारत होते, "यल्ला, चल, उर्मिला!" ताई खाली आल्या तेव्हा ते बघतच राहिले. लाल नऊवारी, पायात स्पोर्ट्स शूज.

"अगं, सिक्युरिटीवाले काय म्हणतील?"

"विचारतील. सांगेन."

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी कासोट्याकडं बघून भुवया उंचावल्या. "ट्राउझर? ड्रेस?"

"साडी," उर्मिला म्हेत्रे म्हणाल्या. "माझ्या आईनं विणलेली."

आणि हात पसरून त्या यंत्राच्या चौकटीतून पलीकडं गेल्या. चौकट वाजली नाही.