पालथा देव

लुकांग गावच्या देवळापुढच्या मांडवात, देवीकडे तोंड करून नाटक करणाऱ्या मंडळीत सियोक-लान आईची कामं करायची. बाई गुणाची, पण कायम तंद्रीत. पुढ्यातला भात निवून जायचा, तरी हिच्या हातातल्या जेवायच्या काड्या आपल्या हवेतच.

नाटकात तिच्या कडेवरचं बाळ म्हणजे हातभर लाकडी बाहुला. पण तोच नाटकवाल्यांचा देव! प्रवेशाआधी त्याला नमस्कार करायचा आणि खेळ संपला की पेटीत पालथा निजवायचा. उताणा राहिला तर उठून हिंडतो, नटांची वाक्यं पळवतो.

लहानपणी सियोक-लान त्याला चळचळा कापायची. पुढे एकदा सुताराकडे तिनं त्याला रंग खरवडलेला, बिननाकाचा पाहिला, आणि ती भीती गेली. भीतीबरोबर भक्तीही गेली. नमस्कार उरला तो कवायतीपुरता. अंगाईसुद्धा कोरडी पडली.

"सरपण धरल्यासारखं काय धरतेस गं त्याला?" मालकीण खिम-मावशी कडाडल्या. "उद्या देवीचा वाढदिवस. उद्याही असंच केलंस तर आई दुसरी उभी करीन!"

त्या घोरातच तिनं बाहुला पेटीत ठेवला. उताणा.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली आणि विदूषक तिआम-काका ओरडले, "मेलो! हा जागाच होता! माझे विनोद पळवले यानं!"

"तुमचे विनोद गेल्या वर्षीच गेलेत," मावशी म्हणाल्या. "लान, कौल लाव. तो हो म्हणेपर्यंत रंगमंचावर पाऊल टाकायचं नाही."

कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या पडल्या तर होकार नाही, देव नुसता हसतोय.

सियोक-लाननं टाकल्या. दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. पाचव्यांदाही तेच! बाहेर ढोल सुरू झाला. आईचं काम आता हातचं जाणार!

"अगं, हा पोट धरून हसतोय!" काका म्हणाले.

तिनं मान वर केली. सुतारानं बसवलेलं नवं नाक जरासं वाकडं होतं. जागरण करून वर खिदळणारं एक व्रात्य पोर तिच्याकडे बघत होतं. याला काय घाबरायचं! तिलाच हसू फुटलं.

"पुरे रे गुलामा! ढोल वाजला, चल आता."

एक उताणी, एक पालथी.

त्या दुपारी अंगाई ऐकताना पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचं बिया सोलून खाणं थांबलं. काका खरोखरच वाक्य विसरले आणि सगळ्यात मोठा हशा त्यावरच पिकला.

खेळ संपल्यावर सियोक-लाननं बाहुल्याला पालथं निजवलं, आणि झाकण लावण्याआधी बराच वेळ त्याची पाठ थोपटत बसली.